गादीखालची चिलीम आणि तुरीतली झाडं

पत्र असं आहे :

“वकीलताई, नमस्कार. माझं घर लातूरच्या ट्युशन एरियात आहे. मालक वारल्यापासून वरच्या मजल्यावरच्या खोल्या अकरावी-बारावीच्या पोरांना भाड्यानं देते, त्यावरच घर चालतं. दिवाळीच्या सुट्टीत पोरं गावी गेली म्हणून झाडझूड काढली, तर एका पोराच्या गादीखाली एक चिलीम, पातळ कागदाची पाकिटं, आत हिरवट भुकटी लागलेली एक गोल डबी आणि चार गोळ्या उरलेली एक स्ट्रिप निघाली. पोरगं सतरा वर्षांचं, शांत, अभ्यासू. आईबाप शेतकरी. पुतण्यानं मोबाइलवर बघून सांगितलं की असलं सामान घरात सापडणं हाच गुन्हा आहे, घरमालकालाही आत टाकतात, घर जप्त होतं. म्हणून ते सामान जाळून टाक आणि गप्प बस, असं तो म्हणतो. तेव्हापासून झोप नाही. काय करू? आणि अजून एक. निलंगा तालुक्यातलं आमचं रान बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला दिलंय. परवा दीर सांगत होता, तुरीत मधेमधे गांज्याची झाडं दिसतात. बटईदार म्हणतो जनावरांच्या औषधापुरती लावलीत. त्याचं काही मनावर घ्यावं का?”
— एक घरमालकीण, लातूर

ताई,

ते सामान अजून जाळलं नसेल तर जाळू नका. धुऊ-पुसू नका, घंटागाडीत टाकू नका आणि स्वतःच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. त्या खोलीला कुलूप लावा आणि मग हे वाचा. पुतण्यानं घातलेली भीती बरीचशी चुकीच्या जागी आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेली तुरीची गोष्ट मात्र तुम्हाला वाटते त्याहून कितीतरी गंभीर आहे.

आधी पुतण्याचं बघू. त्यानं जे वाचलं ते बहुधा अमेरिकेतलं असावं. तिथल्या बहुतेक राज्यांत नशेचे पदार्थ ओढायची, कुटायची, मोजायची साधनं त्या हेतूनं जवळ बाळगणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. तिथला १९७०चा केंद्रीय कायदा नशेच्या पदार्थांना ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणतो आणि त्यांच्या पाच याद्या करतो. आपल्याकडची मांडणी निराळी आहे. आपला मुख्य कायदा १९८५चा, पूर्ण नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’. कोर्टात आणि पोलीस ठाण्यात सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात, मीही तेच म्हणते. १४ नोव्हेंबर १९८५पासून तो देशभर लागू आहे, त्यामुळे लातूरला एक नियम आणि पलीकडे बिदरला दुसरा, असं होत नाही.

या कायद्यात तीन गट आहेत. गांजा, चरस, अफू, हेरॉइन, कोकेन हा एक गट. दुसरा मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा, ज्यांची यादी कायद्याला जोडलेली आहे. एमडी म्हणून ज्याचं नाव पेपरात येतं ते मेफेड्रोन २०१५पासून त्यात आहे, ट्रामाडोल हे दुखण्यावरचं औषध २०१८पासून आहे, आणि झोपेसाठी, घबराटीसाठी डॉक्टर देतात ती अल्प्राझोलमही आहे. तिसरा गट म्हणजे आपल्या कायद्यातले नियंत्रित पदार्थ. इफेड्रिन, ॲसेटिक ॲनहायड्राइड अशी रसायनं, जी स्वतः नशा म्हणून कुणी घेत नाही पण ज्यांपासून नशेचे पदार्थ बनवता येतात. त्यांच्यावर कारखान्यात, गोदामात, वाहतुकीत नजर असते. तुमच्या घराचा या तिसऱ्या गटाशी संबंध नाही.

आता चिलीम आणि कागद. नुसती चिलीम, नुसते ते पातळ कागद (पोरं त्यांना गोगो म्हणतात), नुसती ती डबी (तिला क्रशर म्हणतात) बाळगणं हा एनडीपीएसखाली गुन्हा नाही. परळीच्या किंवा औंढ्याच्या यात्रेत चिलमी उघड विकायला असतात, पानटपरीवर कागद मिळतो. त्याच यात्रेत साधूंच्या हातात पेटलेली चिलीम बघून पुष्कळांना वाटतं की देवाच्या नावानं गांजा चालतो. चालत नाही. कायद्यात साधूला, यात्रेला, महाशिवरात्रीला कसलीही सूट नाही. भांगेचं वेगळं आहे. फुलोरा नसलेली नुसती पानं एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा ठरत नाहीत, पण महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगेलाही परवाना लागतोच.

साधनांबद्दल आपला कायदा दोन ठिकाणी बोलतो. कलम ५४ सांगतं की नशेचा पदार्थ तयार करण्यासाठी खास बनवलेली उपकरणं किंवा भांडीकुंडी कुणाकडे सापडली आणि त्याला त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा त्यानंच केला असं कोर्ट धरून चालेल. हे माल बनवणाऱ्यांसाठी आहे. चिलीम ओढायची वस्तू आहे. आणि कलम ६० सांगतं की गुन्हा घडला असेल तर त्यात वापरलेलं साहित्य, भांडी, पिशव्या, वाहन सरकारजमा होऊ शकतं. म्हणजे चिलीम पुरावा म्हणून जप्त होते, पण नुसत्या तिच्यामुळे कुणी आरोपी होत नाही.

गुन्हा लपलाय तो त्या हिरवट भुकटीत. ती गांजा निघाली (न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय ते कुणीच ठामपणे म्हणू शकत नाही) तर कितीही कमी असली तरी ती बाळगणं बेकायदा आहे. शिक्षा मात्र वजनावर ठरते. गांज्याचं अल्प प्रमाण एक किलोपर्यंत, व्यापारी प्रमाण वीस किलोच्या वर. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाख दंड, आणि जामीन मिळणं फार कठीण. एमडीसाठी हेच आकडे दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम आहेत. वीस किलोच्या वर गांज्याला जी शिक्षा, तीच मुठीत मावेल एवढ्या पुडीला. २०२५मध्ये तुळजापूरचं एमडी प्रकरण उघड झालं तेव्हा थोड्याशा मालासाठी एवढी कडक कलमं का, असं लोक विचारत होते. त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की मालात काही मिसळलेलं असेल तर मिसळीसकट सगळं वजन धरायचं.

गोळ्यांच्या बाबतीत आधी स्ट्रिपवरचं नाव वाचा आणि मग चिठ्ठी आहे का ते विचारा. स्ट्रिपवर तांबड्या अक्षरात ‘एनआरएक्स’ असं चिन्ह असेल तर ते औषध एनडीपीएसखालचं आहे. पण सतरा वर्षांचं पोरगं घरापासून लांब राहून दिवसाला बारा-चौदा तास अभ्यास करतंय, झोप येत नाही म्हणून एखाद्या डॉक्टरनं गोळी लिहून दिली असेल, हेही शक्य आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर स्वतःच्या उपचारासाठी अशा शंभर मात्रांपर्यंत औषध जवळ ठेवायला नियमांत मुभा आहे. चिठ्ठी असेल तर विषय संपला. नसेल तर अल्प्राझोलमचं अल्प प्रमाण पाच ग्रॅमपर्यंत आहे, आणि चार गोळ्यांचं पूर्ण वजन धरलं तरी ते त्याच्या कितीतरी खाली राहतं. इथं खरा प्रश्न त्या मेडिकलवाल्याचा आहे. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, कोडीनचं खोकल्याचं औषध ही शेड्यूल एच-वनमधली औषधं. विकताना रुग्णाचं, डॉक्टरचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. संभाजीनगरात या गोळ्यांना पोरं ‘बटन’ म्हणतात, काही ठिकाणी ‘कुत्ता गोळी’. अल्पवयीन लेकराला चिठ्ठीशिवाय नशेची गोळी किंवा गांजा देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. माझा राग लेकरावर नाही, त्याला हे विकणाऱ्यावर आहे.

आता तुमचं घर. घर जप्त होत नाही. कलम ६०च्या यादीत घर नाही. गुन्ह्याच्या कमाईतून घेतलेली मालमत्ता गोठवायची तरतूद निराळी आहे. तुमच्या मालकांच्या कष्टातून उभ्या राहिलेल्या घराला ती लागत नाही. तुम्हाला लागू शकतं ते कलम २५. घर, खोली, जागा, गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं ती अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा त्यालाही. यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द पाठ करा, तुमचं सगळं त्याच्यावर उभं आहे. गादी उचलायच्या आधी तुम्हाला काही माहीत नव्हतं, त्यामुळे तोवरची जबाबदारी तुमची नाही. पण आता माहीत झालंय. पोरगं सुट्टीवरून परत आलं, त्याच खोलीत तेच सुरू राहिलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर उद्या ‘मला ठाऊक नव्हतं’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही. त्यात या कायद्याचं कलम ३५ असं की आरोपीच्या मनात तो हेतू होता हे कोर्ट गृहीत धरतं, तो नव्हता हे आरोपीनं संशयाला जागा न ठेवता दाखवायचं. बाकीच्या फौजदारी कायद्यांत हे ओझं सहसा सरकारवर असतं. सामान जाळलंत तर त्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ची, म्हणजे पुरावा नाहीसा करण्याची भर पडेल. पुतण्याचा सल्ला मायेपोटी आहे, पण त्यातला ‘गप्प बस’ हाच भाग तुम्हाला अडकवणारा आहे.

म्हणून आज पोराच्या वडिलांना फोन करा. फोनवर सगळं सांगू नका. “दादा, पोराच्या तब्येतीचं बोलायचंय, दोघं जण उद्याच या,” एवढं पुरे. आले की त्यांच्यासमोर आणि घरातल्या आणखी एका जाणत्या माणसासमोर खोली उघडा. बापाचा पहिला हात पोराच्या गालावर जाईल, तो अडवा. मराठवाड्यातल्या बापानं सोयाबीन विकून, कधी रान गहाण ठेवून फी भरलेली असते. त्याचा संताप मला समजतो. पण मार खाऊन पोरगं पळालं तर ज्या दारातून त्याला वाचवता येतं, तेच बंद होईल.

ते दार म्हणजे कलम ६४ए. नशेची सवय लागलेला माणूस सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात स्वतःहून उपचार घ्यायला गेला आणि त्यानं ते पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. एवढा कठोर कायदा, पण व्यसनी माणसाला आजारी समजून त्यानं ही जागा ठेवली आहे, आणि आपल्याकडे ती फार थोड्यांना माहीत आहे. ही गोष्ट मी भेटेल त्या आईबापाला सांगते. तुमच्या लातुरातच विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण, संभाजीनगरची घाटी, जे जवळ पडेल तिथं जा. केसपेपर काढा, तारखा सांभाळा. कुठं न्यावं हेच सुचत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत आहे. आणि कदाचित डॉक्टर सांगतील की सवय लागलेलीच नाही, दोनचारदा ओढलंय एवढंच. तेही कागदावर येऊ द्या.

पोरगं अठराच्या आतलं आहे, त्यामुळे प्रकरण पोलिसांपर्यंत गेलंच तरी ते बाल न्याय मंडळापुढे जाईल. त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. हे त्याच्या आईला आवर्जून सांगा.

सामानाचं काय करायचं ते वडिलांनी आणि तुम्ही वकिलाला सोबत घेऊन ठरवा. वडिलांनी ते पिशवीत घालून एसटीनं गावी नेऊ नये, वाटेत तपासणी झाली तर ताबा त्यांचा ठरेल. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईला आणि लेकराला उत्पन्न न विचारता तिथं मोफत वकील मिळतो. तुम्ही दोघंही त्यात बसता. फोन करायचा तर १५१००.

खोलीत नशा झाल्याचं पोलिसांना कळवलंच पाहिजे अशी सक्ती या कायद्यानं घरमालकावर टाकलेली नाही. ती चालू न देणं ही तुमची जबाबदारी. मी तुमच्या जागी असते तर आधी दवाखाना, मग वकिलासोबत पोलीस ठाणं, हा क्रम धरला असता. कुणी विकलं ते पोराकडून कळलं तर ते नक्की सांगा. आणि पोराला लगेच खोलीबाहेर काढू नका. हाकललेलं पोरगं दुसऱ्या गल्लीत खोली घेईल आणि तिथं त्याच्या गादीखाली बघणारं कुणी नसेल.

आता रान. इथं तुम्हाला तशी सवलत नाही. कलम ४६ म्हणतं, आपल्या जमिनीत गांजा, अफू किंवा कोका लावलेला आहे हे कळल्यावर जमीनधारकानं ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे. जाणूनबुजून टाळलं तर तो स्वतंत्र गुन्हा. कलम ४७ हेच बंधन सरपंच, पंच आणि गावच्या बाकी कामगारांवर घालतं, म्हणजे पोलीस पाटील आणि तलाठीही त्यातून सुटत नाहीत. आणि लागवडीला वजनाचा हिशेब नाही. झाडं पाच असोत की पाचशे, कलम २०खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘जनावरांच्या औषधाला’ ही सबब कोर्टात टिकत नाही, लागवडीला परवाना लागतो आणि तो बटईदाराकडे नाही.

तुरीतच का, हे सांगायला नको. तूर माणसाच्या वर जाते, दाट असते, बांधावरून आतलं दिसत नाही. हिंगोली-नांदेडकडच्या बातम्यांत तूर आणि कपाशी हीच दोन पिकं परत परत येतात. बटईदार म्हणेल की झाडं त्याची. तसं तोंडी म्हणून भागत नाही. कलम ५४खालचं गृहीतक ज्यानं ती जमीन कसली त्याच्यावर येतं हे खरं, पण ती कुणी कसली हे कागद काय सांगतो? सातबारा तुमच्या नावावर. बटई तोंडी. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या सरकारी नोंदीत, तूर लावली म्हणून नोंद तुमच्याच नावानं झालेली असणार. कागदावर कसणाऱ्या तुम्हीच, आणि दिरानं तुम्हाला सांगितलंय, म्हणजे माहितीही झाली आहे.

त्यामुळे दोन गोष्टी करू नका. झाडं उपटायला कुणाला पाठवू नका. उपटलेलं झाड हातात असतानाच कुणी आलं तर तो ताबा ठरेल, आणि पुरावा गेल्याचा ठपका वेगळा. बटईदाराला आधी फोन करून “काढून टाक” असंही सांगू नका. सरळ रान ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथं लेखी अर्ज द्या. अर्ज लांबलचक नको. गट नंबर, जमीन कुणाला कधीपासून बटईनं दिली, तुम्ही राहता कुठं, झाडांची माहिती कुणाकडून कोणत्या तारखेला मिळाली, आणि झाडांना कुणीही हात लावलेला नाही. सोबत सातबारा. एक प्रत तहसीलदारांना, एक पोलीस पाटलांना. तुमच्याकडच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नका. दिरानं ज्या दिवशी सांगितलं आणि ज्या दिवशी तुम्ही कळवलं, त्यांतलं अंतर जितकं कमी तितकं तुमचं म्हणणं भक्कम. आणखी आठवडा घालवू नका.

पंचनाम्याला पोलीस जातील तेव्हा दीर हजर असू द्या. झाडं मुळासकट, पानांसकट तोलली जातात, पण व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळोरा. शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. पुढं आरोप कुणावरही आला तरी वकिलाला हा मुद्दा लागेल, म्हणून पंचनाम्यात झाडांची संख्या, उंची आणि फुलोरा आला होता की नाही हे नीट लिहिलं जातंय का, एवढं दिरानं पाहावं. तुमचा जबाब घेतला तर वाचून मगच सही करा. अंगझडती घ्यायची वेळ आलीच तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागायचा हक्क कलम ५०नं दिला आहे, आणि बाईची झडती बाईच घेते. पिशवीच्या, घराच्या झडतीला हे कलम लागत नाही.

बटईदाराचं घर तुमच्या अर्जानं अडचणीत येईल, याचं तुम्हाला वाईट वाटेल. त्याच्याबद्दल माझ्याही मनात राग नाही. असं बी कुणीतरी आणून देतं, पैशाची आशा दाखवतं आणि छाप्याच्या दिवशी तो माणूस कुठंच नसतो. बटईदारानं ते नाव पोलिसांना सांगावं, त्यालाही विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मागता येईल. पण त्याच्यासाठी तुम्ही गप्प राहू शकत नाही.

गुढीपाडव्याला नवी बटई ठरवाल तेव्हा ती कागदावर आणा. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीनं आपल्याकडे बटईचा कागद कुणी करत नाही. ती धास्ती अगदीच खोटी नाही, मराठवाड्यात १९५०चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आहे. म्हणून साध्या वहीवर लिहून न घेता महसुली कामं करणाऱ्या वकिलाकडून मसुदा करून घ्या. त्यात मुदत एका हंगामाची, पिकांची नावं, आणि ठरलेल्या पिकाशिवाय दुसरं काही लावल्यास जबाबदारी कसणाऱ्याची, हे असू द्या. आणि महिन्या-दोन महिन्यांनी दिराला रानातून एक चक्कर मारायला सांगा, पिकाच्या आतून.

तुमची,
वकीलताई